बारदान

मॉक्सी गावाबाहेर हॉप्सचा मळा. साल छत्तीस, सप्टेंबर.
माझ्याकडे काटा.
ओतीव लोखंडाचा, दांडीवर पितळी वजन सरकवायचं,
दांडी अधांतरी थांबली की आकडा म्हणायचा
मोठ्यानं,
आणि वहीत लिहायचा त्याहून थोडा हळू.

हॉप्स म्हणजे वेलीवरचं कागदी फूल,
लांब शहरात कुणाच्या तरी बिअरला कडूपणा देणारं.
माणसाएवढं उंच पोतं, आणि भरतं कोकराएवढं.
पहाटे दव असतं तेव्हा जरा जड.
म्हणून खुडणारे पहाटेच रांगेत,
आणि म्हणूनच मिस्टर हॅगर्टचा हुकूम :
काटा दहाच्या आत उघडायचा नाही.
दहापर्यंत ऊन आपला हिस्सा घेऊन जातं.
उरलेल्यातून बारदान वजा, चार पौंड.
रिकामं पोतं भरतं दीड.
मी तोलून पाहिलंय, एका रविवारी, दार लावून.

काटा मारणं म्हणतात याला.
मारणाऱ्याचं नाव वहीत कुठेच नाही,
अक्षर माझं आहे.

मी जवळून गेले की बोलणं तुटतं.
टिडवेलांची ओडीलिया, सात वर्षांची,
डिंकानं काळे झालेले हात पाठीमागे नेते,
जणू मी त्यांतूनही काही कापीन.
मालकाच्या जेवणघरात मला खुर्ची नाही,
तंबूंच्या चुलींपाशी कुणी सरकून जागा करत नाही.
भट्टीच्या भिंतीला टेकून मी उकडलेला बटाटा खाते.
वर जाळ्यांवर फुलं वाळत असतात.
त्या वासानं गाढ झोप येते म्हणे.

एकदा बोलले होते.
चार जास्त होतात, साहेब, म्हटलं.
हॅगर्ट हसला, अगदी मायेनं.
"फाटकाबाहेर बघ, वर्ना,
बेरीज येणाऱ्या किती उभ्या आहेत."
मी बघितलं. पाच होत्या.
एकीच्या पायात पुरुषाचे बूट.

शेवटच्या आठवड्यात क्रिस्पुलो आला, पोतं न घेता.
अलास्कात मासे, इथे हॉप्स, मग खाली दक्षिणेला लेट्यूस,
सगळं घर एका पत्र्याच्या ट्रंकेत,
आणि तंबू ओळीच्या टोकाला, नळापासून सगळ्यात लांब,
कारण त्याच्या रंगाच्या माणसाशेजारी
उपाशी गोरेही झोपायला तयार नव्हते.
टोपी हातात धरून तो काट्यावर चढला.
"आज माझं कर," म्हणाला.
"सोळा वर्षं झाली या देशात.
माझ्या हातांतून गेलं त्या सगळ्याचं वजन झालं."

मी पितळ सरकवलं. दांडी थरथरली, थांबली.
एकशे अठरा, मी म्हटलं.
आणि वहीत, शपथेवर सांगते, हात आपसूक चालला :
एकशे चौदा.

त्यानं वाकून पाहिलं. मला वाटलं थुंकेल.
"बरोबर," म्हणाला, "कपडे धरले असशील."
टोपी घातली आणि गेला,
ओळीच्या टोकाकडे, भिजल्या मातीतून, कडेकडेनं.
तो आकडा मी खोडला नाही.
खोडलेलं पान हॅगर्टला दाखवावं लागतं.

आता ऑक्टोबर. तारा उघड्या, वेली जाळून झाल्या,
तंबूंच्या जागी गवताचे पिवळे चौकोन.
संध्याकाळी मी स्वतः काट्यावर उभी राहिले.
दांडी पलीकडच्या बाजूला.
वर उभी असले की हात पोचत नाही,
हात पोचतो तिथे गेले
की काट्यावर कुणीच नसतं.
पलीकडे दुसरं माणूस लागतं, आकडा म्हणायला.
खोटा म्हटला तरी चालेल.

बराच वेळ उभी होते.
मग हॅगर्टची हाक आली, पाऊस येईलसं दिसतंय,
काट्यावर ताडपत्री घाल.
घातली.